अर्भक हालचाल पत्रक, तीन प्रतींत

माझी नात जन्माला आली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिचं नाक कुणावर गेलंय ते पाहिलं. मी वॉर्डाचं दार पाहिलं. दाराला कडी होती, पण ती जिच्यात बसायची ती पट्टी चौकटीवरून निघून गेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी कापसाचा बोळा कोंबला होता. आत सोळा खाटा, सोळा बाळंतिणी, सोळा बाळं आणि प्रत्येक बाळामागे सरासरी साडेचार नातेवाईक. बाहेर एक सुरक्षारक्षक स्टुलावर बसून उजव्या बुटाची नाडी बांधत होता. मी अर्ध्या तासाने निघालो तेव्हाही तो उजव्याच बुटावर होता.

या गोष्टी इतरांना दिसत नाहीत. मला दिसतात, कारण मी चौतीस वर्षं विजेच्या सामानाच्या गोदामावर स्टोअरकीपर होतो. लोकांना वाटतं, स्टोअरकीपरचं काम सामान देण्याचं. मुळीच नाही. सामान न देणं हे त्याचं खरं काम. माझ्या गोदामातून गेटपासशिवाय एक स्क्रूसुद्धा बाहेर गेला नाही. चौतीस वर्षांत फक्त एक शिडी गेली, आणि तीही तिन्ही प्रतींवर रीतसर सही-शिक्का होऊन गेली, त्यामुळे तिला चोरी म्हणता येत नाही. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला सगळे ‘गेटपास’ म्हणायचे. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

मुलीचं बाळंतपण शस्त्रक्रियेने झालं होतं, त्यामुळे मुक्काम सात दिवसांचा. म्हणजे दोन किलो नऊशे ग्रॅम वजनाचा, बदलून न मिळणारा एकच नग, सात दिवस, कडी नसलेल्या दाराआड. मी हे जावयाला याच शब्दांत समजावून सांगितलं. तो “हो बाबा” म्हणाला आणि बाळाचे फोटो नातेवाइकांना पाठवत राहिला.

संध्याकाळी आमच्या इमारतीतली माणसं अभिनंदनाला आली आणि मला घाबरवून गेली. वरच्या मजल्यावरचे विमेवाले नोकरीतून निवृत्त झालेत, पण विमा त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. ते म्हणाले, “नात झाली, छान झालं. आता कुणी उचलून नेऊ नये एवढं बघा. हल्ली नेतात.” एवढं बोलून ते बिस्किटांकडे वळले. समोरच्या बिऱ्हाडातल्या शिक्षिकाबाईंनी बाळाच्या तळपायावर न पुसणाऱ्या शाईने खूण करायला सांगितलं. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले म्हणाले, शाईचं काय घेऊन बसलात, पायात घुंगरू बांधा, म्हणजे हलली की कळेल.

“मांजर आहे का ती?” असं माझी बायको म्हणाली आणि तिने चहाचे कप उचलले, म्हणजे पाहुण्यांनी उठावं असा त्याचा अर्थ होता. पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीसाठी एक शिट्टी घेऊन गेलो. कुणी अनोळखी माणूस बाळाजवळ आलं की जोरात वाजवायची, इतकी सोपी योजना होती.

मुलीने शिट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बाबा, मला टाके आहेत. मला शिंकतासुद्धा येत नाही. शिट्टी कुठून वाजवू? तुम्ही आधी बाळाला बघा ना. कालपासून तुम्ही तिच्याकडे नीट पाहिलेलंही नाही.”

“बघायला सगळे आहेत,” मी म्हणालो. “सांभाळायला कुणी नाही.” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मी मेट्रनबाईंना भेटलो. बाई उंच, आवाज खालच्या पट्टीतला, आणि समोरचा माणूस कितीही तापला तरी आपण थंड राहायचं अशी त्यांची सवय. त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. बाळाच्या घोट्याला आणि आईच्या मनगटाला एकाच नंबरची पट्टी. बाळाला वॉर्डाबाहेर न्यायचं ते फक्त चाकांच्या पाळण्यातून, हातात घेऊन कधीच नाही. आणि नेणाऱ्याच्या छातीवर गुलाबी ओळखपत्र हवं, नसेल तर बाळ द्यायचं नाही. हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायला वॉर्डातली मावशी होती. मावशी म्हणजे वीस वर्षं त्याच वॉर्डात बाळांना आंघोळ घालणारी, बुटकी, कमरेला पदर खोचलेली बाई. माझ्याशी बोलतानाही तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे असायची.

“आणि कागद?” मी विचारलं.

“कसला कागद?” मेट्रन म्हणाल्या.

मला धक्काच बसला. सोळा बाळांची आवक-जावक आणि नोंद कुठेच नाही. ज्या व्यवहाराला कागद नाही तो व्यवहार झालाच नाही, हे मी माझ्या हाताखालच्या तीन पिढ्यांना शिकवलेलं. पण नुसतं बोलून पटत नाही, म्हणून गोदामात नवा पहारेकरी आला की मी जे करायचो तेच इथे केलं. अचानक चाचणी. एक मोठा टॉवेल गुंडाळला, वर टोपडं ठेवलं, ते गाठोडं काखेत मारलं आणि ऐटीत वॉर्डाबाहेर पडलो. सुरक्षारक्षकाने मला अडवलं नाही. उलट त्याने उठून माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.

मी विजयी मुद्रेने गाठोडं मेट्रनच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी सुरक्षारक्षकाला बोलावून विचारलं.

“आजोबा धुणं घरी नेत होते ना,” तो म्हणाला. “बाळ काय कुणी काखेत धरतं?”

मेट्रन हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. मावशी मात्र दाराशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणसाने आयुष्यात एखादी गोष्ट मनापासून करावी आणि ती धुणं ठरावी, याहून मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

पण माझ्या पद्धतीला देवाने एक भक्त ठेवला होता. रुग्णालयाचे अधीक्षक. त्यांच्या खोलीत गेलो तर भिंतभर फायली, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी. मी ‘तीन प्रती’ एवढे दोनच शब्द उच्चारले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पाऊण तास आम्ही दोघे कार्बन पेपरवर बोललो. शेवटी त्यांनी माझ्या अर्जावर शेरा मारला : ‘प्रायोगिक तत्त्वावर, सात दिवस, मानद.’ वॉर्डाच्या दाराशी मला एक टेबल, एक खुर्ची, एक शिक्का आणि एक नोंदवही मिळाली. शिक्का रक्तपेढीचा होता, पण त्यावरचा रक्ताचा थेंब अंगठ्याने झाकून मारता येत होता.

फॉर्म मी स्वतः आखले. ‘अर्भक हालचाल पत्रक’. पांढरी प्रत माझी, पिवळी वॉर्डाची, गुलाबी नेणाऱ्याची. रकाने फक्त अकरा. पहिल्या दिवशी लसीकरणाला निघालेलं एक बाळ चाळीस मिनिटं दारात थांबलं, कारण ‘नेण्याचे प्रयोजन’ या रकान्यात परिचारिकेने नुसतंच ‘लस’ लिहिलं होतं. कुठली लस? बालरोगतज्ज्ञ बाहेरून आत आले तेव्हा मी त्यांनाही थांबवलं. ते म्हणाले, मी बाळ नेत नाही, मी बाळाला बघायला आलोय. मी म्हणालो, येताना बाळ नव्हतं हे नोंदवलं तरच जाताना आहे की नाही ते कळेल. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. डॉक्टरांची सही वाचता येत नाही म्हणून मी ती पुन्हा करायला लावली.

जावई तर स्वतःच्या मुलीला भेटू शकला नाही. ‘बाळाशी नाते’ या रकान्यात त्याने घाईघाईत ‘जावई’ लिहिलं. बाळाचा जावई यायला अजून पन्नास वर्षं आहेत, असं मी त्याला सांगितलं आणि फॉर्म परत केला. तोवर भेटीची वेळ संपली. बायकोने त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

मावशीने माझ्या फॉर्मला हातही लावला नाही. “तुम्ही कागद बघा साहेब,” ती म्हणायची, “मी बाळ बघते.” आणि पाळणा ढकलत माझ्या टेबलासमोरून निघून जायची. तिच्या नावाने मी नोंदवहीत लाल शाईने सहा शेरे लिहिले होते.

एवढ्या सगळ्या नाठाळ मंडळींत एकच व्यक्ती मला समजून घेणारी भेटली. फिकट निळा कोट घातलेली, गोड बोलणारी बाई. कानाच्या तपासणी विभागात नवीनच लागलेय, ओळखपत्र अजून बनायचंय, असं म्हणाली. मला ते लगेच पटलं, कारण ओळखपत्र वेळेवर बनतं असं कुठलंच ऑफिस मी पाहिलेलं नाही. ती सलग दोन दिवस येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. पिवळी प्रत कुठे जाते, सही कोणाची लागते, परिचारिका जेवायला कधी जातात, मावशी आंघोळीचं पाणी टाकायला कुठे जाते, सगळं तिने विचारलं. आणि मी सांगितलं. चौतीस वर्षांत मला माझ्या कामाबद्दल इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. माझी नात चार नंबरच्या खाटेवर आहे हेही मीच तिला सांगितलं. “आमच्या विभागातही अशी पद्धत हवी,” असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला कोऱ्या फॉर्मचा एक संच दिला. वर कार्बन कसा घालायचा तेही दाखवलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती वॉर्डातून बाहेर आली. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि पूर्ण भरलेला फॉर्म. खाट क्रमांक बारा. प्रयोजन : श्रवणचाचणी, दोन्ही कान. अकराच्या अकरा रकाने भरलेले, तिन्ही प्रती, अक्षर मोत्यासारखं आणि कार्बन सुलटा. त्या वॉर्डात कार्बन सुलटा घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, मला भरून आलं. मी नोंदवहीत बारा नंबर पाहिला, नंबर जुळला, शिक्का मारला आणि जावक क्रमांक एकसष्ट टाकला.

ती पाच-सहा पावलं गेली असेल. समोरून मावशी रिकामी बादली घेऊन येत होती. ती थांबली.

“बाई, पाळणा कुठंय?”

“घाई आहे,” ती बाई म्हणाली. “डॉक्टर थांबलेत.”

“डॉक्टर थांबू देत. पाळणा कुठंय? आणि कार्ड?”

आता पुढचं वाक्य मी लपवू शकलो असतो, पण ते मीच म्हटलंय. मी माझ्या खुर्चीवरून, जरा रागातच, म्हणालो, “मावशी, जाऊ द्या त्यांना. बारा नंबरचं बाळ आहे, कागद बरोबर आहे.”

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने बादली खाली ठेवली, ती बरोबर त्या बाईच्या पायांपुढे, आणि दुपट्याचं टोक उचलून बाळाचा घोटा पाहिला. “बारा नंबरला मुलगा आहे,” ती म्हणाली. “आत्ता आंघोळ घातली मी त्याला. ही चारची पोर आहे.”

चार.

कागदावर चार असतं तर मी दुपटं उघडून पाहिलं असतं, म्हणून तिने बारा लिहिलं होतं. मी खुर्चीवरून उठलो. मावशीने बाळ काढून घेतलं आणि छातीशी धरलं, आणि मी चौतीस वर्षांत कधी कुणाला ऐकवला नसेल अशा आवाजात तिने सुरक्षारक्षकाला हाक मारली. तो एक बूट घालून धावला. ती निळ्या कोटातली बाई पळाली नाही. ती भिंतीशी बाकावर बसली आणि रडायला लागली. नंतर कळलं की तिने घरी सगळ्यांना महिनोन्‌महिने दिवस गेल्याचं सांगितलं होतं आणि आता घरी न्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. पोलीस येईपर्यंत मेट्रन तिच्याशेजारी बसून होत्या. मला तिचा राग यायला हवा होता. यायचा तो आला, पण त्याच्या कितीतरी आधी माझा स्वतःचा आला.

मी आत गेलो तेव्हा मुलगी पांढरीफटक पडली होती. बाळाला तिने इतकं घट्ट धरलं होतं की बाळ रडत होतं.

“तू दिलंस कसं?” मी विचारलं.

“तिने तुमची गुलाबी प्रत दाखवली, बाबा, खाटेचा नंबर मी वाचलाच नाही,” ती म्हणाली. “कार्ड नाही हे मी बघितलं होतं. विचारणारही होते. पण वाटलं, हिला अडवलं तर तुम्ही येऊन पुन्हा तासभर नियम सांगाल.”

 खालून चहा घेऊन आलेल्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “कुंपणानेच शेत खाल्लं.” मग तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. 

अधीक्षकांनी प्रयोग ‘आभारपूर्वक’ थांबवला आणि तीन प्रतींत अहवाल मागितला. मी माझ्या सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला. ‘चूक कोणाची’ या रकान्यात ‘माझी’ लिहिलं आणि खाली सही केली. मावशीबद्दलचे सहा लाल शेरे मी एकेक करून खोडले आणि प्रत्येक खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली. आमच्या इमारतीत मात्र विमेवाल्यांनी भलतीच बातमी पसरवली, की माझ्याच पद्धतीमुळे चोर पकडला गेला. दोन दिवस लोक जिन्यात माझा हात हातात घेत होते. पहिला दिवस मी काही बोललो नाही. मीही माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाच्या दारात जाऊन खरं काय ते सांगितलं. विमेवाले म्हणाले, “म्हणजे शेवटी सगळं भरवशाच्या माणसावरच.” मी म्हणालो, “भरवशावर नाही. घोट्यावर.” त्यांना ते कळलं नाही, आणि मीही थांबून समजावलं नाही.

टेबल गेलं, पण खुर्ची मी सोडली नाही. ती उचलून वॉर्डात चार नंबरच्या खाटेशी नेली. मावशी म्हणाली, “आता काय लिहिताय?” मी म्हणालो, “काही नाही. बघतोय.” राहिलेले दोन दिवस मी खरंच फक्त बघितलं. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली आहे. भूक लागली की आधी ती पाय आखडते, मग रडते. उचकी लागली की स्वतःच दचकते आणि आपल्याला दचकवलं कुणी म्हणून माझ्याकडे बघते. जावयानेही दोन दिवस तिला मनसोक्त हातात घेतलं, फॉर्म न भरता. एका दुपारी मुलीने तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः दोन तास गाढ झोपली. मला त्या दोन तासांत हलता आलं नाही, पायाला मुंग्या आल्या, आणि तरी मी कुणाला हाक मारली नाही.

सातव्या दिवशी घरी जायचं ठरलं. आंघोळी आटोपून मावशीने पाच पाळणे ओळीने वॉर्डाच्या दाराशी आणले. पाचही बाळांना एकाच पांढऱ्या दुपट्यात नाकापर्यंत गुंडाळलेलं. जावई पिशव्या सावरत होता, मुलगी अजून हळूहळू चालत होती, म्हणून मी पुढे झालो. मावशी पाळण्यांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तुमची कुठली?” तिने विचारलं.

मी पाहिलं. दुसऱ्या पाळण्यातल्या दुपट्याखाली पाय आखडले जात होते. “ही,” मी म्हणालो. “आता रडेल बघा.” आणि ती रडली. माझी छाती किती फुगली ते सांगत नाही.

“बरोबर,” मावशी म्हणाली. “तिचीच वेळ झालीय.”

मी हात पुढे केले. मावशीने बाळ दिलं नाही. तिने दुपट्याचं टोक सोडवलं, घोटा बाहेर काढला आणि पट्टीवरचा नंबर एकेक आकडा उच्चारत वाचला. मग माझ्या मुलीला जवळ बोलावून तिचं मनगट उलटं केलं आणि तिथला नंबर तसाच, एकेक आकडा, पहिल्यापासून पुन्हा वाचला. बाळ एव्हाना टाहो फोडत होतं, मागे चार कुटुंबं खोळंबली होती, आणि मी हात पुढे करून तसाच उभा होतो. या बाईने मला सात दिवस रोज पाहिलं होतं, माझी नात मी तिच्या डोळ्यांसमोर ओळखली होती, आणि तरी तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. नोकरीत असं कुणी केलं असतं तर मी वरपर्यंत तक्रार नेली असती. त्या दिवशी मात्र मला वाटलं, तिने तो नंबर अजून एकदा वाचला तरी चालेल.